शेरा

बारा बाय पंधरा. एकशेऐंशी चौरस फूट.
जालन्यात, अंबड चौफुलीच्या पुढं, नव्या लेआउटमध्ये
घर झालं, कंपाउंड झालं, आणि हेमलता म्हणाली,
पुढं थोडी हिरवळ हवी,
सकाळी अनवाणी चालायला.

नर्सरीतून आश्रोबा आला, टेम्पोत गुंडाळलेलं गवत घेऊन.
लग्नघरी सतरंज्या उलगडाव्यात तसा उलगडत गेला.
मग एक काडी उपटून दातात धरली
आणि हसला.
'साहेब, ही तं हरळी हाय.
माझा बाप आख्खी हयात हिच्या काश्या खंदत मेला
अन् तुम्ही फुटावर इकत घेऊ राह्यले.'
मीही हसलो. पैसे दिले.

पहिलं वर्ष बरं गेलं.
फवारा गरगर फिरायचा.
येणारे-जाणारे म्हणायचे, पुण्यात आल्यासारखं वाटतं.
आम्ही चहा बाहेर घ्यायला लागलो,
घरात कुणी झोपलेलं नसतानाही हळू आवाजात बोलत.

मार्च सरताना बोअर खाकरायला लागला.
नळ अकराव्या दिवशी, तोही पहाटे तीनला.
मग वॉशिंग मशीनचं पाणी, कूलरच्या तळाचं,
डाळ-तांदूळ धुतलेलं,
फिल्टरनं नाकारलेलं खारट.
गवताला साबणाचा वास यायला लागला
तरी ते कडेकडेनं पिवळं होत आत सरकत होतं,
कागद जळत यावा तसं.

मी एकतीस वर्षं टंचाईच्या टेबलावर होतो.
गाव, वाडी, लोकसंख्या, खेपा, डिझेल, शेरा.
माणशी वीस लिटर, हा नियम.
एका मे महिन्यात कुठल्याशा वाडीवरचा म्हातारा
टेबलाची कड धरून विचारत होता,
'सायेब, लग्नाचे पाव्हणे धरले का ह्याच्यात?'
नव्हते धरले.
तसा रकानाच नव्हता.

उकाड्यानं झोप येईना म्हणून
एका रात्री सहज हिशेब केला.
गवत रोज एकशेसाठ लिटर पीत होतं.
भागिले वीस.
आठ.

आठ माणसं माझ्या दारात हिरवी होऊन पालथी पडली होती
आणि मी रोज सकाळी
त्यांच्या पाठीवरून अनवाणी चालत होतो.

पाणी तोडलं.
हेमलता काही बोलली नाही,
दोन दिवसांनी चप्पल घालून फिरायला लागली.
एप्रिलात रंग गेला. मे महिन्यात
पायाखाली पापडासारखं वाजायला लागलं.
पलीकडं गट्टाणींनी प्लॅस्टिकचं गवत अंथरलं,
बारमाही हिरवं.
त्यावर धूळ बसते म्हणून
पाइप लावून धुतात. दिवसाआड.

आश्रोबा त्यांच्या कुंड्या द्यायला आला तेव्हा म्हटलं,
हे उचलून ने बाबा, मेलं.
तो उकिडवा बसला. खुरपं चार बोटं आत घातलं
आणि ओढून काढली काशी,
गाठीगाठीची, पांढरीशुभ्र,
ओल्या सुतळीसारखी.
'मरती कशाची? माझ्या बापाला इचारा.'
पुन्हा पुरली, वरून टाच दाबली.
'पाणी तुम्ही पाजत व्हते. तिनं कुठं मागितलं?'

संध्याकाळी पिवळ्यावर खुर्च्या टाकल्या.
टोचतं पोटरीला.
गल्लीच्या तोंडाशी टँकर लागला होता,
कुणाचा तरी हंडा कुणाच्या तरी हंड्यावर आपटला.
जुन्या सवयीनं वही काढून रकाने आखले.
खेपा : निरंक.
शेरा :
पेन बराच वेळ तसंच धरून बसलो.
दिवा लागायच्या आत लिहिलं,
यापुढं पाव्हणे धरावेत.